आज दुकान चालू आहे

भूपाल आवटींना पिवळा हवा होता.
कुठला पिवळा, मी विचारलं.
त्यांनी पोत्यातून हळकुंड काढलं,
किलोच्या मापानं ठेचलं
आणि दोन तुकडे माझ्या कीबोर्डवर ठेवले.
"ह्यो."

मोडल्या जागेचा रंग पिवळा नव्हताच,
केशरीकडे कललेला, फोटोत विटणारा,
ट्यूबलाइटखाली हिरवट,
गल्ल्यावरच्या उन्हात तांबूस.
अठरा दिवस मी सहा अक्षरांचा कोड बदलत राहिले
विश्रामबागेतल्या खोलीत,
जिच्या खाली झेरॉक्सचं दुकान आहे
आणि रात्री अकराला त्याचं शटर पडलं
की भिंतीतली घरघर थांबून
मला रंग नीट दिसू लागतात.
आई शेजारच्या मगदूम वहिनींना सांगते,
आमची घरी बसून बोर्ड रंगवते, कंप्युटरवर.
मी दुरुस्त करत नाही.

मग जागेवरून वाद.
"एवढी पांढरी जागा मोकळी सोडलीयास की!
गणपती पेठेत चौरस फुटाचा भाव ठाऊक आहे?"
काका, डोळ्यांना टेकायला जागा लागते.
"गिऱ्हाईक डोळे टेकायला येत नाही गं,
हळद न्यायला येतंय."
तिथं त्यांच्या वडिलांचा फोटो आला,
'आमची कुठेही शाखा नाही' आलं,
आणि एक फिरणारं चक्र,
त्यांच्या भाच्यानं कुठूनसं उतरवलेलं.
चक्र तेवढं मी गुपचूप काढलं.
काका काही बोलले नाहीत.

शेवटचा हप्ता निम्मा रोख, निम्मा हळदीत.
माझ्या कोटेशनमध्ये असा रकाना नव्हता.
वर्षभर आमच्या आमटीला
त्यांच्या हेडरचा रंग होता.

ऑगस्टात पाणी आलं.
आधी आयर्विन पुलाच्या आकड्यांत,
मग नळात नसताना रस्त्यात.
काकांनी पोती माळ्यावर चढवली.
मागोमाग पाणीही माळ्यावर गेलं.
आमच्याकडे फक्त लाइट नव्हती,
लॅपटॉप मेलेला, सगळे पासवर्ड त्याच्या पोटात,
फोन चार टक्के.
उगाचच त्यांचं पान उघडलं.

लगेच उघडलं.
हिरवा ठिपका, आणि मीच कधीतरी लिहिलेल्या नियमानं
सोमवार ते शनिवार, नऊ ते आठ:
'आज दुकान चालू आहे.'

ते पान कुठल्यातरी लांबच्या मशीनवर होतं,
जिथं कृष्णा नाही.
रविवार सोडून रोज सकाळी नऊला
नऊ फूट पाण्याखालचं दुकान उघडत राहिलं,
रात्री आठला बंद होत राहिलं.
एक दिवससुद्धा उशीर नाही.
एवढं बिनचूक काम
मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

पाणी उतरल्यावर गेले.
भिंतीवरची रेघ माळ्याच्याही वर,
आणि तिच्याखाली सगळं पिवळं:
गाळ, फळ्या, तराजूच्या साखळ्या, खतावण्या,
कोपरापर्यंत काकांचे हात.
अठरा दिवसांतल्या एकाही कोडशी
तो जुळत नव्हता.

"बोर्ड गेला वाहून," काका म्हणाले.
"तुझं ते आहे का अजून?"
आहे.
"मग लिही. माल भिजला.
वाळवून विकणार नाही.
ज्यांचे पैसे आलेत त्यांना परत जातील,
जरा दम धरा म्हणावं."
ओट्यावर बसून फोनवरच लिहिलं,
बाकी सगळं उतरवलं,
वडिलांचा फोटोसुद्धा, विचारून.
उरल्या चार ओळी, आणि भोवती पांढरं.

काकांनी फोन लांब धरून वाचलं.
जागेबद्दल बोलले नाहीत.
अंगठ्याचा ठसा काचेवर उमटला,
तो पुसायला गेले तर आणखी पसरला.
"ते चक्र होतं बघ एक फिरणारं," म्हणाले,
"ते कधी काढलंस?"
पहिल्याच दिवशी, काका.
"वाटलंच मला," म्हणाले
आणि डब्यातलं पाणी गटारात ओतायला वळले.